उंबरखिंडीची वाट आणि काचेवरचा वाटाड्या

मुलांनो, वाटाड्या हा शब्द तुम्हाला माहीत आहे ना? वाट दाखवणारा तो वाटाड्या. गडावर जायचं असलं, रानातून पलीकडच्या गावाला जायचं असलं, की आपण पायथ्याच्या वस्तीतला एखादा माणूस बरोबर घेतो. त्याच्याजवळ नकाशा नसतो की होकायंत्र नसतं. पण कुठल्या वळणावर पाणी मिळेल, कुठला दगड पावसाळ्यात निसटतो, हे त्याला पाठ असतं. त्याची अंतरं मोजण्याची तऱ्हा मात्र मोठी गमतीची! "हे काय, हाकेच्या अंतरावर आहे," असं तो म्हणाला, की खुशाल समजावं, अजून अर्धा तास चालायचं आहे.

हल्ली मोटारीच्या काचेवर एक नवा वाटाड्या येऊन बसला आहे. वहीच्या अर्ध्या पानाएवढी पाटी, तिच्यावर रंगीत नकाशा, आणि आतून आवाज येतो, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." काही वाटाड्यांना डोळासुद्धा असतो. पाटीच्या पाठीमागे छोटा कॅमेरा असतो आणि समोरचा सगळा रस्ता तो टिपून ठेवतो. या कॅमेऱ्याला डॅशकॅम म्हणतात. तुमच्यापैकी काहींच्या घरच्या गाडीत, किंवा शाळेच्या व्हॅनमध्ये तो असेलही.

असा वाटाड्या विकत घ्यायचा तर कसा निवडायचा? दुकानात सगळेच चकचकीत दिसतात. आंबा पिकलेला आहे की नाही हे जसं दाबून बघावं लागतं, तसं हे यंत्र घाटात नेऊन बघावं लागतं. चला तर मग, आज आपण पुण्याहून जुन्या महामार्गाने निघू, बोरघाट उतरू आणि पार उंबरखिंडीपर्यंत जाऊ. रस्ताही बघू आणि वाटाड्याची परीक्षाही घेऊ.

तीस मुलं आणि दोन गाड्या

उंबरखिंडच का? चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या चौथीच्या वर्गाने यंदा ठरवलं, की सहल न्यायची ती महाराजांनी जिथे लढाई जिंकली अशाच जागी. तीस मुलं, चार शिक्षक आणि सतरा सतरा जणांच्या दोन गाड्या. पालकसभेत एका आईने विचारलं, "बाई, गाडी कुठून जाणार, रस्ता कसा आहे, कोण बघून आलंय?" प्रश्न रास्तच होता. आपलं लेकरू पाठवायचं म्हणजे एवढं विचारायलाच हवं.

गाडीवाले काका रोज मुलांना शाळेत पोचवतात. तेही सभेला आले होते. ते म्हणाले, "मी नकाशा दाखवणारं यंत्र घेणारच आहे. कॅमेऱ्यासकट घ्यावं म्हणतो. पण पुस्तिका इंग्रजीत आहे, आणि दुकानदार दहा गोष्टी सांगतो. बाई, तुम्ही जरा बघा." मग ठरलं, की सहलीच्या आधी रस्त्याची पाहणी करून यायचं. आम्ही दोघं शिक्षक, प्रश्न विचारणारी ती आई आणि काका. गाडीही तीच घ्यायची, जी सहलीला जाणार होती. लहान मोटार जिथे वळते तिथे मोठी गाडी वळेलच असं नाही ना!

काकांनी दोन यंत्रं आणली. एक दुकानदाराने चार दिवस वापरून बघायला दिलं होतं. दुसरं काकांच्या एका चालक मित्राचं होतं. आपण त्यांना मोठं यंत्र आणि छोटं यंत्र म्हणू. मोठ्याची पाटी रुंद, रंग झकास, किंमतही कमी. पण त्याचा नकाशा फोनच्या इंटरनेटवरून येत होता. छोट्याची पाटी बेताची, सुरू व्हायला वेळ लागायचा आणि किंमत जवळजवळ दुप्पट. पण सगळा नकाशा त्याच्या पोटातच साठवलेला होता. कॅमेरा दोघांनाही होता.

आकाशातली घड्याळं

निघण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. आपण कुठे आहोत हे या यंत्राला कळतं तरी कसं?

मैदानावर एक खेळ करून बघा. तीन मुलांना तीन कोपऱ्यांत उभं करा. प्रत्येकाच्या हातात दोरीचं एक टोक द्या. एकाची दोरी पाच मीटर, दुसऱ्याची सात मीटर आणि तिसऱ्याची दहा मीटर असेल. आता तिन्ही दोऱ्यांची मोकळी टोकं ओढून एकत्र आणा. तिन्ही दोऱ्या ताणलेल्या राहून टोकं जुळली, तर ती एकाच जागी जुळतात. म्हणजेच तीन ठिकाणांपासूनचं अंतर कळलं, की आपली जागा कळते.

यंत्रासाठी ही तीन मुलं म्हणजे आकाशातले उपग्रह. अमेरिकेने जीपीएस नावाची उपग्रहांची माळ उभारली. तिच्यातला पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ साली ती पूर्णपणे कामाला लागली. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. दोरी अर्थातच नसते! उपग्रह सतत संदेश पाठवतो, "मी अमुक जागी आहे, आता इतके वाजले आहेत." हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. तो यायला किती वेळ लागला हे मोजलं, की अंतर निघतं. गणित तुम्हीच करा. २०,२०० ला ३,००,००० ने भागा. सेकंदाचा जवळजवळ पंधरावा भाग!

म्हणूनच घड्याळ फार काटेकोर लागतं. वेळ मोजताना सेकंदाच्या एक हजाराव्या भागाइतकी चूक झाली, तर अंतरात ३०० किलोमीटरचा घोटाळा होईल. पुण्याऐवजी आपण भलत्याच जिल्ह्यात दिसू! उपग्रहांवर अतिशय अचूक अशी अणुघड्याळं असतात. आपल्या यंत्रातलं घड्याळ मात्र साधंच असतं. त्याची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. म्हणून यंत्राला निदान चार उपग्रह तरी 'दिसावे' लागतात.

आपल्या देशानेही अशी माळ उभारली. २०१३ ते २०१६ या काळात भारताने आपले सात उपग्रह सोडले आणि त्या व्यवस्थेला 'नाविक' असं सुंदर नाव मिळालं. २०२३ च्या मे महिन्यात सोडलेल्या उपग्रहावर तर भारतातच बनवलेलं अणुघड्याळ होतं. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू अशा आणखीही व्यवस्था आहेत.

यावरून निवडीचा पहिला प्रश्न मिळाला. यंत्राला एकाच माळेचे संदेश समजतात, की अनेक? जितक्या जास्त माळा, तितकं बरं. कारण घाटात अर्धं आकाश डोंगरच झाकून टाकतो.

दगड बोलतात, यंत्र अडखळतं

सकाळी सहाला निघालो. छोट्या यंत्राला उपग्रह सापडायला तीनचार मिनिटं लागली. बरेच दिवस बंद असलेलं यंत्र मोकळ्या आकाशाखाली थोडा वेळ घेतंच. तेवढ्यात आमचा थर्मासमधला चहा झाला.

देहूरोड, तळेगाव मागे पडलं. जुन्या महामार्गाचं एक बरं असतं, की तो गावांना भेटत भेटत जातो. द्रुतगती मार्ग मात्र कुणाशी न बोलता सरळ निघून जातो. वाटेत वडगाव मावळ लागतं. १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी इथेच कोंडीत धरून तह करायला लावला होता. पुढे कामशेत, मग कार्ल्याचा फाटा. डोंगरात कोरलेली कार्ल्याची लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. देशावरचा माल घाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जायचा तो याच भागातून. म्हणजे बघा, या वाटेवर वाटाड्यांची गरज दोन हजार वर्षांपासूनची आहे!

यंत्र गावांची नावं फार मजेशीर उच्चारत होतं. इंग्रजी अक्षरांवरून मराठी वाचायला गेलं, की दुसरं काय होणार? 'वडगाव'चं त्याने 'वडगाऊन' केलं. गाडीत हशा पिकला. पण काका म्हणाले, "हसू नका, मला मराठी आवाजच पाहिजे. इंग्रजीत बोललं तर अर्थ लावेपर्यंत वळण निघून जातं." काकांचं म्हणणं पटलं. निवडीचा दुसरा प्रश्न वहीत लिहिला, सूचना चालकाच्या भाषेत मिळतात का?

तुम्ही प्रवासात मैलाचे दगड बघता का? दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्य महामार्ग. काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा किंवा शहराचा रस्ता आणि नारिंगी असेल तर गावाकडचा रस्ता. यंत्र बंद पडलं तरी हे दगड बोलत राहतात. पुढच्या प्रवासात खिडकीशी बसून नक्की बघा.

लोणावळा, खंडाळा मागे टाकलं आणि घाट सुरू झाला. यंत्रांची खरी परीक्षा इथेच होती. घाटात थोडं अंतर जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग एकत्र येतात आणि मग खोपोलीचा फाटा सुटतो. तो चुकला तर गाडी पुढे वाहतच जाते, परत वळायला जागा नाही. मोकळ्या मैदानात यंत्र जागा सांगतं ती पाचदहा मीटरच्या फरकाने. पण उंच कड्यांमध्ये संदेश डोंगरावर आपटून उशिराने येतात. मग फरक वाढतो. दोन रस्ते शेजारी शेजारी असले, की आपण नेमके कुठल्या रस्त्यावर आहोत याबद्दल यंत्र गोंधळतं. बोगद्यात तर आकाशच नाही, तिथे ते फक्त अंदाज बांधतं.

मोठ्या यंत्राचा बाण फाट्याजवळ दोनदा इकडून तिकडे उडाला आणि मग पाटीवर नुसतंच एक चक्र फिरत राहिलं. फोनची रेंज गेली होती. छोटं यंत्रही क्षणभर अडखळलं, पण नकाशा पोटातच असल्यामुळे लगेच सावरलं. काकांनी मात्र दोघांकडेही पाहिलं नाही. ते वरच्या हिरव्या फलकावरचं 'खोपोली' हे नाव वाचून वळले. चालकाचे डोळे रस्त्यावर हवेत, पाटीवर नव्हेत. म्हणून शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने यंत्र बघायचं आणि आधीपासून सांगत राहायचं, हे आम्ही तिथेच ठरवून टाकलं.

शिंग्रोबा

घाट उतरताना जुन्या रस्त्याला एक छोटंसं देऊळ लागतं. ते शिंग्रोबाचं. येणारे जाणारे चालक इथे गाडीचा वेग कमी करतात, नाणं टाकतात, हात जोडतात.

शिंग्रोबा कोण होता? लोककथा अशी आहे, की इंग्रज साहेबांना या डोंगरातून मार्ग काढायचा होता, पण काही केल्या वाट सापडेना. इथे मेंढरं चारणारा शिंग्रोबा धनगर रोज हे डोंगर चढायचा, उतरायचा. त्याने साहेबांना वाट दाखवली. "बक्षीस काय हवं?" साहेबांनी विचारलं. तो म्हणाला, "माझ्या माणसांना स्वतंत्र करा." या उत्तराबद्दल त्याला जीव गमवावा लागला, असं लोक सांगतात. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली झाला आणि रेल्वे १८६३ साली. त्या कामाच्या कागदांवर साहेबांची नावं आहेत. पण चालक हात जोडतात ते मेंढपाळाला! वाट दाखवणाऱ्याला आपली माणसं विसरत नाहीत.

ज्यांना वाट ठाऊक, त्यांची लढाई

खोपोलीहून आम्ही पालीच्या रस्त्याला लागलो. शेमडीजवळ आत वळलं की छावणी नावाचं गाव येतं. तिथेच अंबा नदीच्या काठी उंबरखिंडीचं स्मारक आहे. नोव्हेंबरात नदीचं पाणी ओसरलेलं असतं. मोठमोठे काळे दगड उघडे पडलेले असतात. पूर्वेला मान वर करून बघितलं, की सह्याद्रीची भिंत उभी दिसते. वरच्या अंगाला कुरवंडे गाव आणि नागफणीचा सुळका.

त्या भिंतीवरून १६६१ सालच्या फेब्रुवारीत मोगलांची मोठी फौज खाली उतरत होती. त्या वेळी शायिस्तेखान पुण्यात तळ ठोकून होता. त्याने कारतलबखानाला कोकण जिंकायला धाडलं. बरोबर रायबागन ही शूर सरदारीण होती. हत्ती, घोडे, तोफा, दारूगोळा, कशाचीही उणीव नव्हती. उणीव एकाच गोष्टीची होती. त्यांना वाट ठाऊक नव्हती! खिंड इतकी अरुंद, की माणसामागे माणूस असंच चालावं लागत होतं. दोन्ही बाजूंना दाट रान होतं आणि त्या रानात महाराजांचे मावळे दबा धरून बसले होते. हेरांनी महाराजांना शत्रूची खडान्‌खडा बातमी दिली होती.

सगळी फौज खिंडीत शिरली आणि पुढची वाट बंद झाली. मागचीही बंद झाली. झाडांतून बाण आणि गोळ्या सुटू लागल्या. पाण्यावाचून माणसं तडफडू लागली. शेवटी रायबागनने खानाला शरण जायचा सल्ला दिला. खानाने दयेची याचना केली. महाराजांनी खंडणी घेतली, सामान ठेवून घेतलं आणि माणसांना जीवदान देऊन जाऊ दिलं.

त्या दगडांवर उभं राहून मी विचार करत होते. तीस मुलांना इथे उभं करून ही गोष्ट सांगायची. पुस्तकातल्या एका परिच्छेदातून जे कळत नाही, ते इथे नुसतं मान वर केल्यावर कळतं. सहलीचं ठिकाण हेच, यात आता शंका नव्हती. प्रश्न होता तो मुलांना सुखरूप आणून सुखरूप नेण्याचा.

आजींनी सांगितलेली वाट

छावणीच्या अलीकडेच एक प्रसंग घडला होता. छोट्या यंत्राने एक आखूड वाट सुचवली. पाटीवर ती छान रेघेसारखी दिसत होती. वळणावर एक आजी सरपणाची मोळी उतरवून बसल्या होत्या. काकांनी गाडी थांबवली.

"आजी, ही वाट स्मारकाकडं जाते का?"

"जाती की! पर गाडी नाय जायाची, बाबा. पुढं वळाया जागा नाय. तुम्ही असंच सरळ जावा, मोठा रस्ता हाय."

आम्ही उतरून पायी बघून आलो. आजींचं अक्षरन्‌अक्षर खरं होतं. बैलगाडीपुरतीच वाट, एका बाजूला बांध, दुसरीकडे ओघळ. यंत्राचं गणितही चुकलेलं नव्हतं, अंतर खरोखरच कमी होतं. पण ते लहान मोटारीसाठी बनवलेलं होतं. सतरा जणांच्या गाडीला वळायला किती जागा लागते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! काही यंत्रांत गाडीची उंची, रुंदी भरता येते. मोठ्या गाडीसाठी तसलंच यंत्र बघायला हवं.

पालकहो, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी एक मोटार नकाशाच्या भरवशावर निघाली आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावरून पाण्यात शिरली. दोघं बचावले, चालकाचा जीव गेला. २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या तुटक्या पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघांचा मृत्यू झाला. नकाशात पूल दिसत होता, प्रत्यक्षात त्याचा पुढचा भाग नव्हता आणि वाट अडवणारा अडथळाही नव्हता. पूल पडल्याची बातमी उपग्रहाला कळत नसते. ती कुणीतरी माणसाने नकाशात भरावी लागते. म्हणून दुकानदाराला विचारावं, नकाशा वर्षातून किती वेळा नवा करून मिळतो, आणि किती वर्षं फुकट? आणि अनोळखी रस्त्यावर अंधार झाला, की नकाशापेक्षा चहाच्या टपरीवाल्याला विचारावं.

डोळा कुणाची बाजू घेतो?

आता कॅमेऱ्याची परीक्षा. ती आम्ही ठरवून घेतली नाही, ती आपणहून झाली.

परतताना खोपोलीच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला डावीकडून पुढे गेला आणि रस्त्याकडेच्या खडीवरून घसरून आमच्या गाडीच्या पुढ्यातच पडला. काकांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी हातभर अंतरावर थांबली. मंडळी धावत आली. "गाडीवाल्यानंच उडवलं!" कुणीतरी ओरडलं. बघता बघता आवाज चढले.

आमच्याबरोबरच्या आई सगळ्यात आधी त्या मुलाकडे धावल्या. त्याला कडेला बसवलं, कोपराची जखम धुतली. सरांनी १०८ ला फोन लावला. कॅमेरा पाहू शकतो, पण पाणी पाजू शकत नाही. ते माणसालाच करावं लागतं. मुलांनो, हा क्रम कधी विसरू नका. आधी जखमी माणूस, मग बाकीचं सगळं.

थोड्या वेळाने काकांनी छोट्या यंत्रावर ते चित्रण सगळ्यांना दाखवलं. खडी, घसरलेलं चाक, आमच्या गाडीचं अंतर, सगळं स्वच्छ दिसत होतं. तो मुलगाही म्हणाला, "मला कुणी धडक दिली नाही." जमाव पांगला.

पण चित्राच्या कोपऱ्यात आणखी एक आकडा होता. गाडीचा वेग ५२. आणि मागच्याच वळणावर फलक दिसत होता, वेगमर्यादा ४०. त्या आईंनी तो बरोबर हेरला. गाडीत क्षणभर शांतता पसरली. काकांनी पुन्हा चित्रण बघितलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही बघितलंत ते बरंच झालं. थोडा जास्त वेग असता तर आज गाडी थांबली नसती. सहलीत हा काटा फलकाच्या वर जाणार नाही. शब्द देतो."

बघा, हा डोळा मालकाचा नोकर नसतो. जे घडतं ते तो टिपतो, मग ते सोयीचं असो की गैरसोयीचं. म्हणूनच तर त्याची साक्ष मोलाची!

मोठ्या यंत्राचं चित्रण आम्ही लावून बघितलं. त्यात नेमका तोच भाग नव्हता. स्वस्त मेमरी कार्ड उन्हाने तापून मधेच थांबलं होतं. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीची काच तव्यासारखी तापते. म्हणून उष्णता सोसणारं यंत्र आणि सतत लिहिण्यासाठी बनवलेलं चांगलं कार्ड घ्यावं. कार्डात किती तास मावतात याचंही गणित असतं. एका तासाच्या स्पष्ट चित्रणाला साधारण ७ जीबी जागा लागते असं धरा. मग ६४ जीबीच्या कार्डात किती तास? नऊ तासांच्या आसपास. कार्ड भरलं, की यंत्र सगळ्यात जुना भाग पुसून त्यावर नवा लिहितं. पण जोराचा धक्का बसला, तर त्या वेळचा भाग आपोआप कुलूपबंद व्हायला हवा. ही सोय आहे ना, हे आधी विचारून घ्यावं.

आणि हो, असं चित्रण गंमत म्हणून चार लोकांना पाठवायचं नाही. त्यात कुणाच्या गाडीचा क्रमांक असतो, कुणाचा रक्ताळलेला हात असतो. पोलिसांनी मागितलं तर आहे तसं, काटछाट न करता द्यायचं.

शेवटी काय ठरलं?

काकांनी छोट्यासारखंच यंत्र घेतलं, गाडीची रुंदी भरता येईल असं. पाटी लहान, पण नकाशा पोटात, मराठी आवाज आणि उन्हाला न कंटाळणारा डोळा. दुकानात ते आरशामागे, काचेच्या वरच्या भागात बसवून घेतलं, म्हणजे चालकाच्या नजरेआड रस्त्याचा कुठलाही तुकडा येत नाही. वायर काचेच्या कडेने नेली. फोन हातात घेऊन नकाशा बघायचा प्रश्नच उरला नाही. २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमच असा आहे, की गाडी चालवताना असं साधन फक्त वाट बघण्यापुरतं वापरायचं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

प्रश्न विचारणाऱ्या त्या आईंनी पुढच्या पालकसभेत एक कागद वाचून दाखवला. गाडी दिवसाउजेडी परत येणार. चालकाशेजारी एक मोठं माणूस बसून वाट सांगणार. वेग फलकाप्रमाणे राहणार. फाट्यावर शंका आली तर थांबून गावकऱ्यांना विचारणार. खाली आम्हा चौघा शिक्षकांच्या आणि काकांच्या सह्या. तीसच्या तीस संमतिपत्रं दुसऱ्या दिवशी शाळेत जमा झाली!

आता तुमच्यासाठी एक काम. एक कोरा कागद घ्या. त्यावर तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढा. पण त्यात नुसत्या रेघा नकोत. कुठे कुत्रं अंगावर येतं, कुठे पावसात पाणी साचतं, कुठल्या वळणावर मोटारी जोरात येतात, कुठल्या दुकानातले काका अडचणीला धावून येतात, हे सगळं त्यात दाखवा. मग तो नकाशा घरच्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा. तुमच्या वाटेचे वाटाड्या तुम्हीच. उपग्रहाला यातलं काहीही दिसत नाही, बरं का!